संयुगांच्या नावांची व्युत्पत्ती: मिथेन ते ब्यूटेन वेगळे का, फेनिल-बेंझिलचा घोळ आणि मूळ शोधायची रीत

नवसागर

सेंद्रिय रसायनातल्या नावांबद्दल तीन प्रश्न आहेत. शब्दकोशात शब्दाचे मूळ सापडते, पण तो शब्द त्याच पदार्थाला का चिकटला हे कळत नाही.

१. पेंटेन, हेक्झेन, हेप्टेन ही नावे ग्रीक संख्यांवरून आली हे दिसतेच. मिथेन, ईथेन, प्रोपेन, ब्यूटेन या चारांत मात्र संख्या कुठेच नाही. ती निव्वळ रूढी आहे की त्यामागे काही क्रम आहे?

२. बेंझीनमधून एक हायड्रोजन काढला की उरतो त्या गटाचे नाव बेंझिल असायला हवे होते. त्याला म्हणतात फेनिल, आणि बेंझिल हे नाव एक कार्बन जास्त असलेल्या गटाला. ही अदलाबदल कशी झाली?

३. अनोळखी नाव समोर आले तर त्याचे मूळ खात्रीने कसे शोधायचे? बेंझीन हे नाव कार्ल बेंझवरून आले इथपासून सल्फर म्हणजे संस्कृत ‘शुल्वारि’ इथपर्यंत काय वाटेल ते वाचायला मिळते. दावा टिकतो की नाही हे पडताळायची पद्धत हवी आहे.

कार्बनसाखळी

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. ही चार नावे मुळात अल्केनची, म्हणजे फक्त एकेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनांची, नाहीतच. ती अनुक्रमे एका स्पिरिटची, एका ईथरची आणि दोन आम्लांची आहेत. अल्केनना ती उसनी मिळाली, तीही उशिरा.

मिथेनपासून सुरू करू. १८३४-३५ च्या सुमारास द्यूमा आणि पेलिगो हे फ्रेंच रसायनज्ञ लाकूड बंद भांड्यात तापवून मिळणाऱ्या स्पिरिटवर काम करत होते. ‘लाकडाचे मद्य’ अशा अर्थाचे नाव त्यांना हवे होते. त्यांनी ग्रीक ‘मेथ्यु’ म्हणजे मद्य आणि ‘ह्यूले’ म्हणजे लाकूड हे शब्द जोडून मेथिलीन तयार केले. ग्रीक जाणणाऱ्याला हे खटकते. कापलेल्या लाकडाला ग्रीकमध्ये ‘क्स्यूलोन’ म्हणतात. ह्यूले म्हणजे रान, रानातले लाकूड आणि त्यावरून कच्चा माल, द्रव्य. (झायलीन आणि झायलोज ही नावे बरोबर क्स्यूलोनवरून आली आहेत.) मेथिलीनला कात्री लावून पुढे मिथिल झाले.

इथे एक बारकावा आहे. -इल हा प्रत्यय त्याआधी, १८३२ मध्येच, व्होलर आणि लीबिग या जर्मन रसायनज्ञांनी ‘बेंझॉइल’ या नावात वापरला होता. तोही ह्यूलेवरूनच, पण ‘द्रव्य’ या अर्थाने. म्हणजे बेंझॉइलमधला -इल द्रव्याचा आणि मिथिलमधला -इल लाकडाचा. आज आपण गटांना सर्रास लावतो तो पहिला. ‘-इल म्हणजे लाकूड’ असे सरसकट सांगणारी टिपणे म्हणूनच चुकतात.

इथिल हे नाव लीबिगने १८३४ मध्ये ईथरवरून केले. ईथर हा शब्द या द्रवासाठी फ्रोबेनियसने १७३० मध्ये वापरला होता. झाकण उघडताच उडून जाणाऱ्या द्रवाला त्याने वरच्या निर्मळ आकाशाचे ग्रीक नाव दिले.

प्रोपेनचे मूळ प्रोपिऑनिक आम्लात आहे: ग्रीक ‘प्रोटोस’ म्हणजे पहिला आणि ‘पिऑन’ म्हणजे चरबीयुक्त. द्यूमा आणि सहकाऱ्यांनी १८४७ मध्ये हे नाव दिले, आणि ते प्रयोगातून आलेले आहे. या आम्लाच्या पाण्यातल्या द्रावणात मीठ घातले की ते तेलासारखा थर होऊन वेगळे होते, आणि त्याचा पोटॅशियम क्षार साबणासारखा लागतो. फॉर्मिक आणि ॲसिटिक आम्ले असे वागत नाहीत. म्हणून मेदाम्लांच्या रांगेतले हे ‘पहिले’. कार्बन मोजून तीन आले म्हणून नव्हे.

ब्यूटेन हे ब्यूटिरिक आम्लावरून, आणि ते लॅटिन ‘ब्यूटिरम’ म्हणजे लोण्यावरून. लोण्यातले हे आम्ल शेव्ह्रलने वेगळे केले.

मग १८६६ मध्ये जर्मन रसायनज्ञ हॉफमनने हायड्रोकार्बनच्या नावांना शिस्त लावायला घेतली. रोमन लिपीतले पाच स्वर क्रमाने घेऊन त्याने पाच प्रत्यय केले. पहिल्या स्वराचा प्रत्यय सर्वांत जास्त हायड्रोजन असलेल्या संयुगाला, दुसऱ्याचा दोन हायड्रोजन कमी असलेल्याला, असे पुढे. अल्केन आणि अल्कीन ही जोडी इथून आली. तिसरा प्रत्यय -इन असा लिहिला जाई, पण तो अल्कलॉइडांच्या (वनस्पतींतल्या नायट्रोजनयुक्त अल्कधर्मी पदार्थांच्या) नावांशी टक्कर घेई, म्हणून पुढे त्यात वाय हे अक्षर घातले गेले. तोच आजच्या अल्काइनमधला -आइन. गंमत अशी की हॉफमनच्या यादीत मिथेन, ईथेन, प्रोपेन आणि त्यानंतर क्वार्टेन, क्विंटेन, सेक्स्टेन आहेत. संख्या त्याने चौथ्यापासूनच सुरू केल्या होत्या, त्याही लॅटिन. ब्यूटिल तोवर इतके रुळले होते की क्वार्टेन टिकले नाही. पाच कार्बनच्या गटालाही जुने नाव होते, अमिल, स्टार्चच्या ‘अमायलम’ या लॅटिन नावावरून. पण तिथे संख्या जिंकली आणि अमिल हे अमिल नायट्राइटसारख्या काही नावांतच उरले.

पुढची ग्रीक रांगही शुद्ध नाही. नोनेन लॅटिन आहे (ग्रीक नऊ म्हणजे ‘एन्नेआ’) आणि अनडेकेनमधला ‘अन’ही लॅटिन. जुन्या लेखनात अनडेकेनसाठी हेंडेकेन सापडते. वीस कार्बनच्या आयकोसेनचे रोमन स्पेलिंग आयुपॅक ही नामकरणाचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था सुरुवातीच्या ई शिवाय करते, केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स ही रसायन-साहित्याची सूची ई लावून. शोध घेताना दोन्ही टाकून पाहा, नाहीतर अर्धे साहित्य हाती लागणार नाही.

आम्लांच्या जुन्या नावांत सर्वांत जास्त चुका कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक या त्रिकुटात होतात. तिन्ही लॅटिन ‘काप्रा’ म्हणजे शेळीवरून. कार्बन अनुक्रमे सहा, आठ, दहा. बाटलीवर जुने नाव असेल तर रेणुभार पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये: ११६, १४४ आणि १७२. नायलॉन-६ ज्यापासून बनते त्या कॅप्रोलॅक्टममधला ‘कॅप्रो’ सहाचा, म्हणजे पहिला.

षट्कोन

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. अदलाबदल झालेली नाही. दोन्ही नावे आपापल्या जागी बरोबर आहेत. चुकीच्या जागी बसले आहे ते ‘बेंझीन’ हे नाव.

अरबी ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा ऊद. जावा हा शब्द त्या काळी सुमात्रालाही लावत. युरोपात जाताना सुरुवातीचा ‘लु’ हा तिथल्या भाषांतल्या उपपदासारखा (इंग्रजी ‘द’सारख्या शब्दासारखा) वाटला आणि गळून पडला. उरले ते ‘बेन्जुई’, त्याचे पुढे बेंझॉइन झाले. त्या राळेपासून मिळणारे बेंझोइक आम्ल सोळाव्या शतकापासून माहीत आहे. या आम्लात सात कार्बन आहेत: वलयातले सहा आणि आम्लगटातला एक. लीबिग-व्होलरचा बेंझॉइल गट सात कार्बनचा, बेंझाल्डिहाइड सात कार्बनचे, बेंझिल अल्कोहोलही सात कार्बनचे. ‘बेंझ’ हे या सात कार्बनवाल्या कुटुंबाचे आडनाव आहे.

फॅरडेने १८२५ मध्ये दिवाबत्तीच्या वायूच्या तेलकट अवशेषातून एक हायड्रोकार्बन वेगळा केला होता, पण त्याचे नाव ‘बायकार्ब्युरेट ऑफ हायड्रोजन’ असे होते आणि ते टिकले नाही. १८३३ मध्ये मिट्शरलिखने बेंझोइक आम्ल चुन्याबरोबर तापवून तेच संयुग मिळवले. त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड निघून जातो, म्हणजे सातातला एक कार्बन गळतो. उरलेल्या सहा कार्बनच्या पदार्थाला त्याने जनकाचे आडनाव देऊन ‘बेंझिन’ म्हटले. लीबिगला हे पटले नाही. -इन लावला की स्ट्रिक्नीन, क्विनीन यांच्यासारखा अल्कलॉइड वाटतो, असे त्याचे म्हणणे. त्याने ‘बेंझोल’ सुचवले, लॅटिन ‘ओलेउम’ म्हणजे तेलावरून. जर्मनमध्ये आजही ते बेंझोलच आहे, आणि जर्मन ‘बेंझिन’ म्हणजे पेट्रोल. जर्मन कृती वाचून द्रावक निवडताना हा फरक विसरला तर हेक्झेनसारख्या मिश्रणाच्या जागी कर्करोगकारक बेंझीन वापरले जाईल.

फेनिलची गोष्ट वेगळी. लोराँने १८३६ मध्ये याच हायड्रोकार्बनसाठी ‘फेन’ हे नाव सुचवले. ग्रीक ‘फायनो’, प्रकाशणे, उजळणे. कारण तो दिव्याच्या वायूतून मिळाला होता. ‘फेन’ हे पदार्थाचे नाव म्हणून चालले नाही, पण गटाच्या नावात आणि फिनॉलमध्ये राहून गेले. म्हणून सहा कार्बनचा गट फेनिल, सात कार्बनचा बेंझिल. ‘बेंझ दिसले की सात मोजा’ हा नियम साध्या गटांना चालतो. जोडवलयांच्या नावांत, उदाहरणार्थ बेंझोडायझेपिनमध्ये, ‘बेंझो’ म्हणजे चिकटलेले सहा कार्बनचेच वलय असते. तिथे हा नियम लावू नका.

कार्ल बेंझचा दावा तारखेवरच पडतो. त्याच्या मोटारीचे पेटंट १८८६ चे आहे, बेंझिन हे नाव १८३३ चे.

जाता जाता -ओल बद्दल. हा एकाच रूपाचा, पण दोन वेगळ्या मुळांचा प्रत्यय आहे. फिनॉल, ग्लिसरॉल यांतला ‘अल्कोहोल’चा तुकडा आहे आणि तो हायड्रॉक्सिल गट दाखवतो. इंडोल, पायरोल, ॲनिसोल यांतला ‘ओलेउम’चा आहे आणि तो कोणताही गट दाखवत नाही. रोमन लिपीत दुसऱ्याच्या शेवटी ई लावतात, देवनागरीत ती खूण उरत नाही. जुन्या ग्रंथांतले टोल्युओल आणि झायलोल हेही तेलाचेच, म्हणजे आजचे टोल्युईन आणि झायलीन.

मूळपाठ

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नाव हे संयुगाच्या रचनेचे वर्णन असते असे गृहीत धरले की बहुतेक चुका तिथेच होतात. नाव देणाऱ्याच्या हातात त्या दिवशी काय होते आणि ते त्याने कशातून काढले, याची ती नोंद असते. म्हणून शोध रचनेपासून नव्हे, कृतीपासून सुरू करायचा.

आधी प्रत्यय सोडवा. पण प्रत्यय म्हणजे नेहमी प्राचीन भाषेतला शब्द असेलच असे नाही. पुष्कळ प्रत्यय हे दुसऱ्या रसायनाच्या नावाचे तुटलेले शेपूट आहेत. शर्करांचा -ओज हा ‘ग्लुकोज’मधून उचललेला. विकरांचा -एज हा ‘डायास्टेज’मधून, पायाँ आणि पेर्सो यांनी १८३३ मध्ये दिलेल्या नावातून. ग्रीक ‘डायास्टासिस’ म्हणजे विलग होणे. त्यातल्या -एजला स्वतःचा असा अर्थच नाही. अल्डिहाइड हे लीबिगने ‘अल्कोहोल डीहायड्रोजेनाटुस’, म्हणजे हायड्रोजन काढलेले अल्कोहोल, या लॅटिन शब्दांची अक्षरे कापून केले. एस्टर हे ग्मेलिनने जर्मन ‘एसिगईथर’मधून, व्हिनेगरचा ईथर या अर्थाच्या शब्दातून पिळून काढले. क्लोराइड, ऑक्साइड यांतला -आइड तर १७८७ च्या फ्रेंच नामकरणातला. ऑक्साइड म्हणजे ‘ऑक्सिजेन’चा आरंभ आणि ‘आसिद’चा शेवट.

मग नावातल्या उरलेल्या मूळ शब्दाकडे पाहा. तो स्रोतावरून आहे का? फॉर्मिक मुंगीवरून, फ्युमारिक फ्युमारिया या वनस्पतीवरून, सुबेरिक बुचाच्या ‘सुबेर’ या लॅटिन नावावरून. गुणधर्मावरून आहे का? पायरोल हे रुंगेने ग्रीक ‘पिर्रोस’, म्हणजे ज्वालेसारखा लाल, यावरून ठेवले. हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेल्या पाइनच्या ढलपीला त्याच्या वाफेने लाल रंग चढतो म्हणून. कृतीवरून आहे का? पायरुव्हिक आम्ल म्हणजे ‘अग्नी’ आणि ‘द्राक्ष’: द्राक्षांपासूनच्या टार्टारिक वर्गातल्या आम्लाचे कोरडे ऊर्ध्वपातन करून मिळालेले. ॲझेलाइकमध्ये ‘ॲझोट’ म्हणजे नायट्रोजन आणि ‘एलायोन’ म्हणजे तेल. त्या आम्लात नायट्रोजनचा एकही अणू नाही! नायट्रिक आम्लाने तैलाम्ल तोडून ते काढले होते, म्हणून.

आणि चौथी शक्यता लोक विसरतात: निव्वळ अक्षरांची फिरवाफिरव. डिंकापासूनच्या ‘अरॅबिनोज’ची अक्षरे हलवून एमिल फिशरने १८९१ मध्ये ‘रायबोज’ केले. झायलोजचा ‘झाइल’ उलटा वाचला की लिक्सोज. ग्लुकोजमधली अक्षरे आलटून गुलोज. रायबोन्यूक्लिइक आम्लातल्या ‘रायबो’ला कुणी ग्रीक शब्द जोडून दाखवला तर तो बनावट समजा.

यानंतर पहिला लेख शोधा. नाव जर्मन असेल तर जर्मन रूप, फ्रेंच असेल तर फ्रेंच. इंग्रजी रूपावरून तर्क करू नये. एकाच पदार्थाला चार नावे असू शकतात, आणि ॲनिलीन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. उनफरडोर्बेनने १८२६ मध्ये नीळ तापवून एक द्रव काढला. त्याचे क्षार सहज स्फटिक होतात म्हणून नाव ‘क्रिस्टालिन’. रुंगेने १८३४ मध्ये डांबरातून एक काढला. ब्लीचिंग पावडरने निळा रंग येतो म्हणून ‘क्यानोल’. फ्रिट्शेने १८४० मध्ये नीळ आणि दाहक पोटॅश यांच्यापासून ‘ॲनिलिन’ मिळवले. झिनिनने १८४२ मध्ये नायट्रोबेंझीनचे क्षपण करून ‘बेंझिडाम’. हे चारही एकच, हे हॉफमनने १८४३ मध्ये दाखवले. चार नावांत स्फटिक, रंग, स्रोत आणि जनक हे चारही प्रकार आहेत. पहिला लेख उनफरडोर्बेनचा, पण टिकले फ्रिट्शेचे नाव. म्हणून ‘पहिला शोध’ आणि ‘टिकलेल्या नावाचा पहिला वापर’ या दोन तारखा वेगळ्या टिपाव्यात.

शेवटी रेणुसूत्राशी ताडून पाहा. थिओब्रोमीनमध्ये ब्रोमीन नाही. ते ‘थिओब्रोमा’ या झाडाच्या नावावरून आहे, अर्थ देवांचे अन्न. ब्रोमीन हे मूलद्रव्य ग्रीक ‘ब्रोमोस’ म्हणजे दुर्गंध यावरून. ध्वनी सारखा, शब्द वेगळे. अशा जोड्या पुष्कळ आहेत. मस्कोन कस्तुरीचा, मस्करीन मात्र माशीच्या ‘मुस्का’ या लॅटिन शब्दावरून, अमानिता मस्कारिया या अळंबीमार्गे. पिकोलीन डांबराच्या ‘पिक्स’वरून, पिक्रिक आम्ल ग्रीक ‘पिक्रोस’ म्हणजे कडू यावरून. लॅक्टेज आणि लॅक्टोन दुधाचे, लॅकेज लाखेचे. नावातला तुकडा ओळखीचा वाटला की लगेच थांबावे आणि वनस्पतीचे किंवा प्राण्याचे लॅटिन नाव तपासावे. निम्म्या चुका तिथेच धुतल्या जातात.

काही नावे अर्धवटच सोडवावी लागतात. बार्बिट्युरिक आम्लातला ‘युरिक’ हा युरियाकडून आला हे पक्के. ‘बार्बि’साठी संत बार्बरा आणि बार्बरा नावाची कुणी स्त्री अशा अनेक कथा आहेत. हे आम्ल प्रथम तयार करणाऱ्या बायरच्या १८६४ च्या कामाशी त्यांपैकी एकही कागदोपत्री जुळत नाही, म्हणून पाठ्यलेखनात त्यांतली एक निवडून देऊ नये.

नवसागर

तिन्ही उत्तरे कामाची आहेत, आभार. शुल्वारीचे कुणी स्पष्ट कराल का? आणि संस्कृतमधून खरोखर गेलेली नावे कोणती?

शब्दवंश

शुल्व म्हणजे तांबे, अरि म्हणजे शत्रू. गंधकाने तांबे काळे पडते, म्हणून अर्थ जुळल्यासारखा वाटतो. पण उसना शब्द प्रवास करतो तेव्हा वाटेतल्या भाषांत त्याच्या पाऊलखुणा राहतात. इथे वाटेत काय दिसते? फारसीत गंधकाला ‘गोगिर्द’, अरबीत ‘किब्रित’, ग्रीकमध्ये ‘थेइऑन’ (थायोल, थायोफिन यांतला ‘थायो’ तोच). तिन्ही शब्दांचा शुल्वारीशी संबंध नाही. लॅटिनमध्ये मात्र हा शब्द जुना आहे आणि ‘सुल्पुर’ असाही लिहिला जाई. मधले सगळे दुवे गायब आणि दोन टोके तेवढी जुळतात, अशी साखळी नाकारायची. शिवाय संस्कृतात रोजच्या वापरातला शब्द ‘गंधक’ होता. उसना गेला असता तर तो जायला हवा होता.

आता ज्यांचे दुवे भक्कम आहेत ते पाहा. नीली, फारसी-अरबी ‘नील’, उपपदासह ‘अन्-नील’, पोर्तुगीज ‘अनिल’, मग ॲनिलीन. शर्करा (मूळ अर्थ खडे, रेती), प्राकृत ‘सक्खरा’, ग्रीक ‘साक्खारोन’, लॅटिन ‘सॅकरम’, त्यावरून १८७९ मध्ये सापडलेले सॅकरिन. हाच शब्द फारसी-अरबीतून ‘सुक्कर’ होऊन फ्रेंचमध्ये ‘स्युक्र’ झाला, त्यावरून सुक्रोज. सॅकरिन आणि सुक्रोज ही एकाच शब्दाची दोन वाटांनी आलेली रूपे आहेत. पिप्पली, ग्रीक ‘पेपेरि’, लॅटिन ‘पिपेर’, मग पायपरीन, त्याच्या विघटनातून पायपरिडीन आणि त्याच धर्तीवर पायपराझीन. औषधांच्या रेणूंत पायपरिडीनचे वलय इतके आढळते की पिप्पली हा शब्द आज जगभरच्या औषधशास्त्रात बसला आहे. मुष्कपासून मस्कोन, चंदनापासून ‘सांतालुम’मार्गे सँटालोल, नारंगपासून नारिंगिन, लाक्षेपासून लॅकेज आणि लॅकाइक आम्ल.

कापराबाबत जपून लिहावे. कर्पूर, ‘काफूर’, ‘काम्फोरा’ हा क्रम दिसतो खरा, पण मलय भाषेतही ‘कापुर’ आहे आणि कापराची जुनी ख्याती सुमात्राकडची. संस्कृत हा पहिला दुवा म्हणून ठामपणे देऊ नये.

आणखी एक फरक पाळायला हवा: उसना शब्द आणि सगोत्र शब्द. मिथेनमधला ‘मेथ्यु’ आणि आपला ‘मधु’ ही भावंडे आहेत. एकापासून दुसरा झालेला नाही, दोघांचा पूर्वज एक. ईथरमागचा ग्रीक धातू ‘आयथो’ म्हणजे पेटणे, आणि ‘इंधन’मधला इन्ध् धातू, हेही सगोत्र. प्रोपेनमधला ‘पिऑन’ आणि संस्कृत ‘पीवन्’ म्हणजे पुष्ट, हे सगोत्र. ब्यूटिरममागे ग्रीक ‘बूट्युरोन’ आहे, त्यातला ‘बूस’ म्हणजे गाय, आणि तो ‘गो’चा सगोत्र. चारही नावांत असा एकेक आप्त सापडतो. तेवढ्यावरून ‘मिथेन हे नाव संस्कृतातून आले’ असे लिहिणे मात्र साफ चूक आहे.

लेखनशुद्धी

षट्कोन यांनी देवनागरीचा विषय काढला आहे, त्यात भर घालते. रोमन लिपीत -इन असे ऐकू येणारी तीन शेपटे वेगळी लिहितात. दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनचे एक, कॅफीन-ॲनिलीनसारख्या नायट्रोजनयुक्त अल्कधर्मी पदार्थांचे दुसरे आणि अल्ब्युमिन-सॅलिसिन यांसारख्या उदासीन पदार्थांचे, अखेरच्या ई शिवायचे, तिसरे. इंग्रजीत हा भेद एकोणिसाव्या शतकात जाणीवपूर्वक रूढ केला गेला. मराठीत अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ लिहायची सवय असल्यामुळे तिन्हींचा ‘-ईन’ होतो आणि वर्ग कळत नाही.

सर्वांत वाईट गाठ पडते ती थायमिनची. डीएनएमधला एक बेस, १८९३ मध्ये कोसेल आणि नॉयमान यांनी वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला. आणि जीवनसत्त्व ब-१, ज्याचे नाव गंधकाचा ‘थायो’ आणि ‘अमाइन’ जोडून केले आहे. दोन्ही मराठीत ‘थायमिन’ छापलेले आढळतात. पहिल्यात गंधकाचा अणू नाही, दुसऱ्यात आहे. थायमॉल तिसरेच, ओव्यासारखा वास असलेल्या थाइम या वनस्पतीचे. यावर सोपा उपाय आहे. जीवनसत्त्वाच्या नावात ‘अमाइन’ हा स्वतंत्र शब्द आहे, म्हणून संधीचा आकार राखून ‘थायामिन’ लिहावे, आणि बेसला ‘थायमिन’ राहू द्यावे. उच्चारही मूळच्या जवळ जातो.

इंडोल आणि फिनॉल यांसाठीही हेच करता येईल. तेलाचा असेल तिथे ‘-ओल’, अल्कोहोलचा असेल तिथे ‘-ऑल’. थायमॉल हा फिनॉल आहे, म्हणून ऑ. स्कॅटोलमध्ये हायड्रॉक्सिल नाही, म्हणून ओ. काही पुस्तकांत हे नकळत पाळलेलेच दिसते.

कार्बनसाखळी

ऑ आणि ओ वेगळे ठेवायची सूचना फार चांगली आहे. फक्त सँटालोलला ती लावायला हवी. तो खराखुरा अल्कोहोल आहे, तेव्हा ‘सँटालॉल’.

धागाकर्त्याने नवसागर (म्हणजे अमोनियम क्लोराइड) हे नाव घेतले आहे, तेव्हा त्या कुटुंबाचेही सांगून टाकतो. इजिप्तच्या सीवा ओॲसिसमधले आमोन देवाचे मंदिर, त्यावरून ‘साल अमोनियाक’, म्हणजे आमोनचा क्षार. त्यावरून १७८२ मध्ये बेर्गमनने वायूला अमोनिया हे नाव दिले. त्यातले पहिले अक्षर ‘अम्’ उचलून अमाइन आणि अमाइड झाले. इमाइड हे अमाइडचा आणि इमाइन हे अमाइनचा पहिला स्वर बदलून केलेले. या दोन्हींना ग्रीक किंवा लॅटिन मूळ शोधायला जाऊ नये. कोशात ‘अमाइडचे बदललेले रूप’ एवढेच दिले असेल तर ती नोंद पूर्ण आहे.